नमस्कार लांबून

आधी काकूंचं सांगते, मग बाकीचं. महाळुंगे पडवळमध्ये पिठाची गिरण चालवतात त्या काकू. त्यांनी मला कामाला ठेवलं, राहायला खोली बघून दिली, आणि ज्या खेळाचं नावसुद्धा मी कधी ऐकलं नव्हतं त्या खेळाच्या संघात घेऊन माझी हमी दिली. हमीसुद्धा तोंडदेखली नव्हती. ‘ही चुकली तर हिच्याबरोबर मीबी बाहेर,’ असं त्या चार गावांच्या लोकांसमोर म्हणाल्या. मी सातवीत शाळा सोडलेली, परमुलखात आलेली बाई. माझ्यासाठी असं कोणी कधी उभं राहिलं नव्हतं. म्हणून पहिला मान त्यांचा.

आम्ही यवतमाळकडचे. आमचे हे इथल्या एका रोपवाटिकेच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागले आणि मागून मी आले. सुरुवातीला मी गावात कोणाशी बोलतच नसे, कारण तोंड उघडलं की लोक हसायचे. ‘करते आहे’ला आमच्याकडे ‘करून राहिली’ म्हणतात. पहिल्यांदा दळण घेऊन गेले तेव्हा काकूंनी विचारलं, “घाई हाय का गं?” मी म्हटलं, “नाही, घरी वरण शिजून राहिलं.” रांगेतल्या बाया पदर तोंडाला लावून एकमेकींकडे बघायला लागल्या. काकू तेवढ्या हसल्या नाहीत. “मंग शिजू दे की,” म्हणाल्या. “बस हितं. गहू पाखडता येत्यात का?” तेव्हापासून मी गिरणीत आहे.

आता खेळ. त्याचं खरं नाव बोची. लोणीचे एक गृहस्थ जन्मभर परदेशी जहाजावर स्वयंपाकी होते. काम सोडून घरी आले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत मोठ्या कवठाएवढे आठ जड गोळे होते, चार लाल नि चार हिरवे, आणि लिंबाएवढा एक पांढरा. आधी पांढरा लांब टाकायचा. मग दोन्ही बाजूंनी आपापले गोळे घरंगळत सोडायचे आणि जमेल तेवढे पांढऱ्याच्या जवळ न्यायचे. ज्यांचा गोळा सगळ्यांत जवळ, त्यांची फेरी आणि गुण. बारा गुण आधी करतील त्यांचा डाव. एवढंच. यात पळायचं नाही की ताकद लावायची नाही. म्हणून म्हातारी माणसं, बाया, पोटं सुटलेले पुरुष असे सगळे यात आले.

मूळ नावं काय होती ती त्या स्वयंपाकीबाबांनाच ठाऊक. आमच्याकडे पांढऱ्या गोळ्याला नवरी म्हणतात. तिच्या अगदी शेजारी जाऊन बसणारा गोळा ती करवली. उभं राहून टाकायची जी रेघ, तो उंबरा. मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून केलेली लांब पट्टी असते. खळ्यावर जाताना काढतात तशा तिच्याबाहेर चपला काढायच्या. हे काही नियमात नव्हतं. पहिल्या दिवशी कोणीतरी काढल्या आणि मग सगळेच काढायला लागले.

शेतातला कांदा साठवणीच्या बराखीत जाऊन पडला की लोकांना जरा सवड होते. तेव्हा रविवारी सकाळी गावागावांचे सामने लागतात. पंच अर्थातच लोणीचे स्वयंपाकीबाबा. डाव सुरू होण्याआधी ते उंबऱ्यावर उभे राहून नियम सांगतात. छापील कागद नाही. “उंबरा वलांडायचा नाय. दुसरा टाकत आसताना बोलायचं नाय. मोजून होईतवर कुठल्या गोळ्याला हात लावायचा नाय. लावला तर फेरी समोरच्याची. पंचाशी बोलायचं ते कप्तानानं, तेबी हळू. वागणूक वाईट दिसली तर ताकीद. दुसरी ताकीद म्हंजे हंगामभर घरी.” मला हे फार बरं वाटलं. वाचायचं असतं तर मी अडखळले असते. ऐकलेलं माझ्या डोक्यातून जात नाही. गिरणीचा पट्टा फिरत असताना मी हे नियम मनात घोळवायची, अभंग घोळवावेत तशी.

आणखी एक नियम होता आणि तो मला आडवा आला. खेळणारा त्या गावचाच पाहिजे. आदल्या हंगामात एका संघानं मंचरहून कोणी पट्टीचा खेळाडू आणून उभा केला होता, त्याच्यावरून भांडण झालं आणि हा नियम आला. आमच्या संघात काकू कप्तान, दूध डेअरीवरचे भाऊ, शाळेच्या बसचे ड्रायव्हर, आणि चौथी मी. पहिल्याच सामन्याला मढचे कप्तान, भातशेती करणारे एक वाळके म्हातारे, माझ्याकडे बोट न दाखवता म्हणाले, “ह्या पावण्या बाई कुठल्या?”

“म्हाळुंग्याच्या,” काकू म्हणाल्या.

“बोलीवरनं न्हाई वाटत.”

“बोली खेळती का गोळा खेळतो?”

पंचांनी दोघांना गप्प केलं आणि विचारलं, हमी कोण घेतं? तेव्हा काकू ते ‘मीबी बाहेर’ बोलल्या. मला धड आनंदही होईना. काकूंचा नवरा गेल्यापासून गिरण, घर आणि गिरण. या रविवारांसाठी त्या आठवडाभर तरतरीत असतात. ते माझ्यामुळे जायला नको, एवढंच माझ्या डोक्यात बसलं.

आणि त्याच सामन्यात मला ताकीद मिळाली. समोरचा खेळाडू गोळा सोडण्यासाठी वाकला होता. आमचा हिरवा गोळा उतारावर अजून हलत होता आणि तो नवरीपाशी थांबतोय असं बघून माझ्या तोंडून निघून गेलं, “थांबून राहिला, थांबून राहिला.” त्या माणसाला हसू फुटलं आणि गोळा भलतीकडेच गेला. हसले सगळेच. पंच मात्र हसले नाहीत. एक ताकीद.

पुढे कितीतरी दिवस डेअरीवरचे भाऊ कॅन उतरवता उतरवता विचारायचे, “काय वैनी, दळून राहिले का?”

“हाव,” मी म्हणायची. “दळून राहिली. तुम्ही पाणी टाकून राहिले का दुधात?”

हे पहिल्यांदा म्हटलं त्या दिवशी काकूंनी गिरण बंद केली आणि पोट धरून हसल्या. त्यानंतर गावात बोलायची माझी भीती बरीच गेली. खेळातली मात्र वाढली. आता एक शब्द इकडचा तिकडे झाला की दोघी बाहेर. मी ठरवलं, उंबऱ्यापाशी गेलं की तोंडाला कुलूप. आणि हाताला सवय झालीच पाहिजे. घरी सरावाला गोळे कुठले आणायचे? काकूंनी बटाट्याचं पोतं पुढे केलं.

“बटाटा सरळ जात नाही, काकू.”

“म्हनून तर. वाकडा बटाटा ज्याला सरळ टाकता आला, त्याला गोळा म्हंजे खेळ.”

संध्याकाळी गिरण बंद झाली की गिरणीमागच्या अंगणात आम्ही बटाटे सोडायचो. काकू कमरेवर हात ठेवून बोलत राहायच्या, “मनगट ढिलं. जात्यात घास टाकतीस तसं. फेकू नको, सोड.” फुटलेले बटाटे भाजीला जायचे. आमचे हे म्हणायचे, आज पण हरली का, भाजी लई आहे.

मढला शेवटचा सामना होता. रोपांचे ट्रे उतरवून ह्यांनी पिकअप मोकळी केली आणि आम्ही मागे बसून गेलो. मढची पट्टी डोंगराच्या अंगाला आहे, वारा सारखा. त्यांचा संघ वाऱ्यात वाढलेला. तरी डाव अकरा-अकरा झाला. उरली एक फेरी.

त्यांचा एक लाल गोळा नवरीपासून वीतभर अंतरावर जाऊन बसला. आमचे गोळे संपत आले. शेवटचा माझ्या हातात होता. मी मनगट ढिलं सोडलं आणि गोळा जाऊ दिला. तो उतारानं गेला, वाऱ्यानं जरा कलला, आणि नवरीच्या दुसऱ्या अंगाला जाऊन थांबला. मी ओठ दाताखाली धरले होते. इतका चांगला गोळा मी आधी कधी टाकला नव्हता.

लाल जवळ का हिरवा, डोळ्यांना कळेना. पंच पिशवीतून सुतळी काढायला लागले. सगळे भोवती जमले. “जरा सरका, उजेड येऊ द्या,” पंच म्हणाले. मी मागे सरकले, आणि माझी अनवाणी टाच मागच्या एका लाल गोळ्याला घासली. हलकेच घासली. गोळा हललासुद्धा नाही. कोणाचं लक्ष नव्हतं, सगळ्यांचे डोळे सुतळीवर.

पण माझा हात तोवर खाली गेला होता. कशालाही पाय लागला तर लहानपणापासून जे करतो, तेच. वाकले, गोळ्याला बोटं लावली, बोटं कपाळाला लावली.

ते मात्र सगळ्यांनी बघितलं.

“पंच, हात लागला,” मढचा एक जण म्हणाला.

“अहो, गोळ्याच्या पाया पडली ती,” डेअरीवरचे भाऊ म्हणाले. “आशीर्वाद घ्यावा म्हनून.”

लोक हसले, आणि मग एकदम हसायचे थांबले, कारण काकूंनी हात वर केला होता. माझ्या कानात गिरणीचा पट्टा फिरायला लागला. मोजून होईतवर हात लावायचा नाय. लावला तर फेरी समोरच्याची. आणि मला एक ताकीद आधीच होती.

काकू हळू आवाजात म्हणाल्या, “हात लागला. मी बघितला. फेरी मढची, डाव मढचा.”

“सुतळी धरलीच हाय, मोजून तरी बघू,” पंच म्हणाले.

“कशाला मोजायचं? नियमात बसत न्हाई ना.”

कोणाचा गोळा जवळ होता ते मला आजही माहीत नाही. काकूंनी मोजू दिलं नाही.

पंचांनी सुतळी गुंडाळली. “आता ताकिदीचं बोलायला लागंल,” म्हणाले. मी सांगू शकले असते की आधी पाय लागला, हात मागून गेला, मुद्दाम नाही. पण बोलायचं ते कप्तानानं. पाळायला माझ्याकडे तेवढाच एक नियम उरला होता, आणि तो मोडायचा नाही एवढं मी ठरवून टाकलं. पायाच्या अंगठ्यानं मुरूम दाबून उभी राहिले.

बोलले ते मढचे कप्तान. तेच वाळके म्हातारे.

“पंच, ताकीद कशापायी आसती?”

“वागणूक वाईट आसली तर.”

“मंग पाय लागल्यावर पाया पडनं ही वाईट वागणूक का? आमच्याच गोळ्याच्या पडली. न पडता गप उभी ऱ्हायली आसती तर कुनाला कळलंबी नसतं राव.”

पंच बराच वेळ सुतळीचं टोक बोटाला गुंडाळत होते. मग म्हणाले, “नियम मोडला. वागणूक न्हाई मोडली. फेरी मढला दिली. ताकीद नाय.”

“आन आजून एक,” कप्तान म्हणाले. या वेळी ते माझ्याकडे बघत होते. “ह्यांना पावण्या बाई मी म्हनलो व्हतो, ते मागं घेतो. शेवटचा गोळा बघितला म्या. पावणं एवढं जिकायला बघत न्हाई.”

हसू आधी काकूंना आलं. मी मात्र तेव्हाही तोंड उघडलं नाही. चपला घालून पट्टीच्या बाहेर आले आणि मग त्या कप्तानांना नमस्कार केला, रीतसर, हात जोडून.

परतताना काकू गाडीत आमच्याकडे पाठ करून बसल्या. डाव हातातून गेला होता, आणि हरणं त्यांना पचत नाही हे आम्हा सगळ्यांना ठाऊक. ओतूर मागे पडल्यावर म्हणाल्या, “नमस्कार मनातल्या मनात झाला नसता का गं?”

“हात आपोआप गेला, काकू.”

“दिसलं ते.” मग जरा वेळानं, “माझाबी गेला आसता.” आणि गिरणीपाशी उतरताना, “उद्या बटाट्यावर ये. मनगट आजून कडक हाय तुझं.”

पुढच्या हंगामात पंच उंबऱ्यावर उभे राहिले आणि नियम सांगता सांगता म्हणाले, “मोजून होईतवर कुठल्या गोळ्याला हात नाय. पाय लागलाच तर नमस्कार लांबून.” सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आता हा नियम प्रत्येक सामन्याला सांगतात. नवीन खेळाडूंना वाटतं, तो जहाजावरनंच आला असेल.

काकूंचं मी काय फेडणार, हा विचार रोज दळण घालताना येतो. त्यांना काही द्यायला गेलं तर म्हणतात, ठेव तुलाच. पण मी एक ठरवून ठेवलंय. आमच्या यवतमाळकडची माती काळी, उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात, गोळा सोडला तर भेगेतच बसायचा. तरी मुरूम आणून, पाणी मारून मी तिथे एक पट्टी करणार आहे, आणि काकूंना घेऊन जाणार आहे. गिरणीला कुलूप लावायला लावून नेणार आहे. तिथे कोणीतरी नक्की विचारेल, ह्या पाहुण्या बाई कुठल्या, बोलीवरून इकडच्या वाटून नाही राहिल्या. तेव्हा उंबऱ्यावर मी उभी असेन. काकू, तुमची हमी मी घेईन, चार गावांसमोर.