मेंदू मोजणारे आमचे साहेब

अख्ख्या सोलापुरात आमच्या साहेबांइतका दमवणारा माणूस नसेल. हे मी रागानं म्हणत नाही. बारा वर्षं त्यांच्या हाताखाली एमआरआयचं मशीन चालवलं, त्या थकव्यानं म्हणते. साहेब रेडिओलॉजिस्ट. मशीननं काढलेल्या चित्रांवरून रिपोर्ट द्यायचा, एवढंच त्यांचं काम. पण त्यांचा जीव मेंदूच्या एकाच तुकड्यात अडकला होता. आठवणी सांभाळणारा हिप्पोकॅम्पस नावाचा छोटासा भाग. माणूस विसरायला लागला की बऱ्याचदा हा भाग आकसतो. तो मोजायचा तर संगणकावर एकेका चित्रात त्याच्याभोवती रेघ ओढावी लागते, आणि ती कुठं सुरू करायची, कुठं थांबवायची, यावर दोन डॉक्टरांचं एकमत नसतं. "भुईमुगाची शेंग समजा," साहेब म्हणायचे. "एक जण देठासकट मोजतो, एक जण देठ तोडून. आणि दोघंही खाली नुसतं ‘शेंग’ लिहितात."

मग ते मलाही रेघा ओढायला बसवायचे. जेवणाचा डबा उघडला की हमखास हाक यायची. एकच मेंदू तीन वेगवेगळ्या दिवशी मोजायचा, आणि आधीचा आकडा बघायचा नाही. एकदा मी म्हटलं, "साहेब, मला कालचा आकडा आठवतोय." तर शांतपणे म्हणाले, "मग आज नको. विसरलात की मोजा." नव्या पेठेत पडद्याचं कापड घेताना दुकानदारानं वर चार बोटं जास्त सोडलं, तर साहेबांनी ते कापून परत घ्यायला लावलं. "जास्त हीसुद्धा चूकच," म्हणाले. तेव्हापासून साहेबांच्या पत्नी खरेदीला एकट्याच जातात. मोजणीचे नियम त्यांनी एका कागदावर लिहिले, स्कूटरवरून शहरातल्या सगळ्या सेंटरांत स्वतः नेऊन दिले आणि एका रविवारी सगळ्यांना बोलावलं. मी अकरा खुर्च्या मांडल्या. दोन डॉक्टर आले, त्यातला एक सासऱ्यांचा रिपोर्ट दाखवायला. साहेबांनी त्या दोघांनाही दीड तास समजावलं. उरलेल्या खुर्च्या मी एकटीनं उचलल्या.

सांगोल्याकडचे मेंढपाळ आजोबा आले ते त्यानंतरच्या उन्हाळ्यात. आदल्या वर्षी दुसरीकडं त्यांचा एमआरआय झाला होता, आता आमच्याकडं झाला. आमच्या नव्या डॉक्टरांनी मोजलेला आकडा बराच कमी आला. मुलानं दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि वडिलांचं रानात जाणं बंद केलं. मेंढरं विकायचंही ठरत होतं. पुढचं विचारायला ते परत आले, तेव्हा आजोबा बाकावर बसून मला म्हणाले, "बाई, येळ-वार इसरतो मी, व्हय. पर मेंढरं तोंडावरनं वळकतो की. मग मेंदू गेला कुटं?"

साहेबांनी दोन्ही सीडी मागून घेतल्या. नाव-तारीख झाकून चार दिवस स्वतः मोजलं, मग मला मोजायला लावलं. एकाच नियमानं मोजल्यावर दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले. आधीच्या मोजणीत त्या तुकड्याचा शेपटीकडचा, शेंगेच्या देठासारखा भाग धरला होता, आमच्यात सोडला होता.

"म्हंजी चुकलं कुणाचं?" मुलानं विचारलं.

"नियम एक नव्हता, ही आमची सगळ्यांचीच चूक," साहेब म्हणाले. "विसरणं आहे, ते मी नाकारत नाही. पण वर्षभरात आकसल्याचं दिसत नाही. कुणीतरी सोबत असू द्या आणि त्यांना रानात जाऊ द्या. पुढच्या वर्षी इथंच या, याच मशीनवर."

ते आले. या वेळी मशीन तेच होतं, नियमही तोच होता. साहेबांनी तीनदा मोजलं, मग चौथ्यांदा. मी त्यांना चौथ्यांदा मोजताना कधीच पाहिलं नव्हतं. आकडा खरोखर उतरला होता. चष्मा काढून ते उठले आणि बाहेर जाऊन मुलाला त्यांनी स्वतः सांगितलं.

"घरी कळतच हुतं, साहेब," मुलगा म्हणाला. "पर ह्ये वरीस मिळालं की. रोज मेंढरांमागं हिंडला त्यो. लई खुशीत हुता."

साहेब त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले. मी फाईल घेऊन मागं होते. आजोबांना हात धरून बसवताना त्यांनी विचारलं, "मेंढरं किती आहेत, बाबा?"

आजोबांनी जरा आठवून बघितलं. मग हसून म्हणाले, "सगळी हायती."

आकड्याशिवाय उत्तर साहेबांनी कुणाचंच कधी ऐकून घेतलं नव्हतं. "बरं," एवढंच ते म्हणाले, आणि रिक्षा वळेपर्यंत तिथंच उन्हात उभे राहिले. फाईल घेऊन मीही त्यांच्या शेजारी उभी राहिले.