पूर्वेच्या दारातून परत

नवऱ्याने बोलणं सोडलं, तेव्हा कुंभकोणमात राहणाऱ्या बाईला जे सुचतं तेच मला सुचलं. देवळं. इथे दर ग्रहाला एक देऊळ आणि दर दुखण्याला एक देव आहे. माझी थोरली नणंद, आमची अक्का, तंजावरहून दर आठवड्याला नवं नाव घेऊन यायची आणि मी पिशवी उचलून तिच्यामागे निघायची. शनी झाला, राहू झाला, केतू झाला. पट्टीश्वरमच्या दुर्गेला लिंबांच्या माळा झाल्या. ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, ते घरात भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे.

जन्मभर ह्यांनी शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं. निवृत्त झाले आणि काही महिन्यांतच खचत गेले. आंघोळ नाही, जेवण म्हणजे दोन घास. डॉक्टरचं नाव काढलं की अक्का कानांवर हात ठेवायची. "आमच्या घराण्यात वेड नाही," म्हणायची. मीही गप्प बसायची, कारण लोक काय म्हणतील ही भीती मलाही तिच्याइतकीच होती.

मग एका सकाळी हे आपणहून उठले, दाढी केली आणि मला मागच्या अंगणात बोलावलं. पाण्याची मोटर कशी लावायची ते शिकवलं. आधी व्हॉल्व्ह अर्धा फिरव, मग बटण दाब, टाकी वाहू लागली की बंद कर. लग्न झाल्यापासून त्या मोटरला मी बोट लावलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गॅसचं सिलिंडर बदलायला शिकवलं, मग फ्यूज. कपाटाच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, पावसात अडकणारं दार तासून मोकळं केलं. मी चुकत होते तरी हे चिडत नव्हते, आणि चिडणं तर ह्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. मी हुरळून गेले. अक्काला फोन करून सांगितलं की देवानं ऐकलं. ती म्हणाली, "मग अत्ता सोडू नको. तिरुविडैमरुदूर राहिलंय की."

त्या देवळाची एक रीत आहे. पूर्वेच्या दारातून आत जायचं आणि बाहेर दुसऱ्याच दारानं पडायचं. एका राजाला लागलेली ब्रह्महत्या पूर्वेच्या दाराशीच थांबली, राजा दुसरीकडून निघून गेला आणि ती अजून तिथेच त्याची वाट पाहत बसली आहे, असं म्हणतात. आपलं दुखणंही तसंच तिच्यापाशी सोडायचं. आल्या वाटेनं परतलात तर ते पुन्हा पाठीला लागतं. मनाच्या आजाराला याहून मोठं देऊळ नाही, असं अक्काचं मत.

दुपारी देऊळ उघडताच आम्ही गेलो. दर्शन झालं, अक्का प्रदक्षिणा घालू लागली आणि मी खांबाला टेकून बसले. समोरच्या छोट्या गाभाऱ्यात पूजेची पाळी बदलत होती. जाणारे गुरुक्कळ, म्हणजे तिथले पुजारी, येणाऱ्याला सारं समजावून देत होते. हे कुलूप जरा वर उचलून फिरव. ही समई गळते, खाली ताटली ठेव. तेल या कोनाड्यात, वाती त्या डब्यात. आवाजात घाई नव्हती की राग नव्हता. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी किल्ल्यांचा जुडगा दुसऱ्याच्या हातात दिला, अंगवस्त्र खांद्यावर टाकलं आणि मागे न बघता निघून गेले.

तो आवाज माझ्या ओळखीचा होता. दहा-पंधरा दिवस मी घरात तोच ऐकत होते. हे सुधारले नव्हते. हे मला घर सोपवत होते.

मी ह्यांना फोन लावला. वाजत राहिला, कोणी उचलेना. पुन्हा लावला. रिक्षा पूर्वेच्या दाराशी उभ्या असतात हे येताना पाहिलं होतं, म्हणून मी तिकडेच धावले. अक्का मागून ओरडली, "आलीस त्या दारानं जाऊ नको गे! सोडलेलं सारं पाठीस लागेल!" लागू दे, मी म्हणाले. ते तिथे सोडून मी जाणार तरी कुठे होते?

रिक्षात मी देवाचं नाव घेतलं नाही. घरं, विजेचे खांब, भाताची शेतं मागे जात होती आणि मी फक्त फोन लावत होते.

दार नुसतं लोटलेलं होतं. हे बैठकीत बसले होते, धुतलेलं धोतर, वेष्टी, नेसून. तिपाईवर किल्ल्या आणि मनगटी घड्याळ नीट मांडून ठेवलेलं. फोन शेजारीच होता.

आमच्या घरात तांदूळ संपला असंही कधी म्हणत नाहीत, भरायचा झाला म्हणतात. तिथे मी उभ्या उभ्या विचारलं, "तुम्ही मरायचं ठरवलंत की?"

ह्यांनी तिपाईवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "तू काळोख पडल्यावर येणार होतीस."

"आले मी. मज खरं सांगा."

"हो," म्हणाले, आणि लहान पोरासारखे रडायला लागले. मी ह्यांचं मनगट धरलं. अक्का येऊन पोचेपर्यंत ते सोडलं नाही. ती दारातच थबकली. मी तिला म्हणाले, उद्या डॉक्टरकडे जायचं, आणि तू बरोबर यायचंस. तिनं मान डोलावली.

आता गोळ्या चालू आहेत. बरे झाले असं मी म्हणत नाही, म्हणायला धजत नाही. अक्काला अजून वाटतं की त्या दारातून ते दुखणं माझ्याबरोबर घरी आलं. आलं असेल. मी आता देवळांकडे कमी आणि ताटाकडे जास्त बघते: भात किती उरला, ताक प्यायले का. कॉफी पातळ झाली म्हणून हे चिडले, त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

मोटर मात्र मी विसरले. रोज सकाळी मागच्या दारातून हाक मारते, "मज येईना, जरा या की." मला ती लावता येते हे ह्यांना पक्कं ठाऊक आहे. बहुतेक दिवशी कुरकुरत येतात. एखाद्या दिवशी येत नाहीत. टाकी रिकामी असते, नळ कोरडा असतो. बटण माझ्या हाताशीच असतं. मी ते दाबत नाही, पुन्हा हाक मारते.