करपलेला शर्ट

रविवारी दुपारी जर्मनीतल्या वाल्डॉर्फच्या घरात इस्त्री करता करता मी जर्मनमध्ये डब केलेली ब्रिटिश डिटेक्टिव्ह मालिका बघत होते. बेपत्ता शाळकरी मुलीचा बाप रडत होता. तेवढ्यात नवऱ्याचा शर्ट करपला, आणि त्या वासाने मला सांगलीच्या शाळेच्या फाटकाशी नेऊन उभं केलं.

दहावीत माझ्या मैत्रिणीचं, मालूचं, लग्न ठरवून तिच्या वडिलांनी तिची पुस्तकं बंबात घातली. दुसऱ्या सकाळी ती सोलापूरला मावशीकडे पळाली. जाताना अर्धं जळलेलं भूमितीचं पुस्तक माझ्याकडे देऊन गेली. त्याची काजळी माझ्या बोटांना होती, तेव्हा तिचे वडील घामाघूम होऊन समोर आले.

"पोरी, मालू कुठाय? हात जोडतो."

"कोल्हापूरच्या गाडीत बसली, काका."

दोन दिवस त्यांनी कोल्हापुरात वणवण केली.

मैत्रिणीला वाचवायला खोटं बोलले, असं मी इतकी वर्षं समजत होते. तेवढ्यासाठी "माहीत नाही" पुरलं असतं.

"बिचारा बाप," पडद्याकडे बघत नवरा म्हणाला.

"आधी त्याने काय जाळलंय ते कळू दे," मी म्हणाले आणि शर्ट रेस्टम्युलच्या, म्हणजे उरल्यासुरल्या कचऱ्याच्या, डब्यात टाकला.