तुझ्या आयेनं धाडलंन

"तुझ्या आयेनं धाडलंन हां," असं म्हणून काकी पिशवी पोरीच्या हातात द्यायच्या आणि लगेच पाठ फिरवून आमटी ढवळायला लागायच्या. आमटीला तेव्हा ढवळायची काहीएक गरज नसायची.

रत्नागिरीत मांडवीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर काकींचं बोर्डिंग. नोकरी करणाऱ्या आम्ही बायका तिथं राहायचो. कुणी नर्स, कुणी शिक्षिका, आणि मी एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढणारी. काकी विधवा, मूलबाळ नाही, तोंडानं तिखट. मासा नीट न खाणाऱ्या बाईला त्या माणसातच धरायच्या नाहीत. प्रेम करतानासुद्धा रागावल्यासारखी दिसणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

पोर त्यांची नव्हे. माझ्या आधी तिथं राहिलेल्या एका बाईची. नवऱ्यानं टाकलेली ती बाई कामासाठी मुंबईला गेली. "खोली मिळाली की नेते," म्हणाली आणि रांगती पोर काकींकडे ठेवली. खोली काही मिळेना. सुरुवातीला फोन यायचे, मग सणावारी यायचे, मग काकींनीच लावायचा. पोर शाळेत जायला लागली.

दुसरी कुणी असती तर पोरीकडून स्वतःला आई म्हणवून घेतलं असतं. एकदा ती चुकून "आये" म्हणाली, तर काकी फिस्कारल्या, "मी काकी. तुझी आय ममईला हाय." मग मोबाइलमधला आईचा फोटो काढून तिच्यापुढं धरला. तो रोज संध्याकाळी धरायच्या.

आणि त्या वस्तू! फ्रॉक, कंपासपेटी, केसांच्या क्लिपा. सगळं काकी इथल्याच बाजारातल्या राम आळीतून आणायच्या आणि मुंबईच्या दुकानाच्या पिशवीत घालायच्या. रिकाम्या पिशव्या आम्हीच पुरवायचो. पोर वर्गात मिरवायची आणि आमचा जीव तुटायचा.

एकदा मी चिडले. "काकी, तिला खरं काय ते सांगा. ती बाई येत नाही."

"आन आली तर? पोरीनं वळखलान नाय तर काय करू गो मी?"

ती आली. यंदाच्या मे महिन्यात. नवं मंगळसूत्र, बरोबर नवा नवरा. तो बूट न काढता उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, सारखा घड्याळ बघत. मला मनातून वाटत होतं, पोर काकींच्या पदराआड लपेल, रडेल, आणि त्या बाईला चांगली अद्दल घडेल.

पोर धावत जाऊन तिच्या कमरेला बिलगली. "आई, तू पाठवलेला निळा फ्रॉक मी गॅदरिंगला घातला!"

बाई गडबडली. तिनं काकींकडे बघितलं. काकींनी नुसती होकाराची मान हलवली.

"हो का? छान," बाई म्हणाली.

दुपारीच रिक्षा आली. पोर आईच्या मांडीवर बसून हसत हात हलवत गेली. काकी फाटकात उभ्या होत्या. "अशीच जायाला पायजे होती," त्या म्हणाल्या. "रडली असती तर मी सोडली नसती."

महिन्याभरानं पोरीचा फोन आला. काकींना ऐकू कमी येतं म्हणून स्पीकर लावला होता. शाळा, पाणी, शेजारची मांजर, सगळं सांगून झालं. मग आवाज एकदम खाली गेला.

"काकी, तिथं होते तेव्हा आई किती पाठवायची. आता कायच आणत नाय. माझं काय चुकलं काय गो?"

काकींनी फोन तोंडाजवळ घेतला. "चुकतंय कसलं? आयेला येळ गावला नसंल. आनंल हां."

फोन ठेवला तशी मी भांडलेच. आता तरी सांगा, ते सगळं तुम्ही आणत होतात. निदान तुमचं नाव तरी तिला कळू दे. बोलता बोलता मलाच रडू आलं.

"सांगून? तिला ऱ्हायाचं आयेजवळ हाय, माज्याजवळ नाय," असं म्हणून काकींनी बाईला फोन लावला. "पार्सल धाडतंय. तिला तू म्हन, 'मीच आणलंय.'"

मग साडी बदलून मला घेऊन राम आळीत गेल्या. दुकानदारानं चपलांचा नंबर विचारला. काकींनी दोन्ही हातांनी हवेत पाऊल धरून दाखवलं, थोडं वाढवलं, परत कमी केलं, आणि माझ्याकडे बघितलं.