मान नको, फक्त डोळे

मागच्या महिन्यात तळेगावात एका डॉक्टरबाईंचा मी तीनदा ओरडा खाल्ला... "शबाना, मान नको, फक्त डोळे!" आता मी लोणावळ्यात बारा वर्षं बायकांना गाडी शिकवतेय आणि बारा वर्षं एकच गोष्ट घोकून घेतेय, की नुसते डोळे फिरवू नका, मान वळवून बघा. ती सवय अशी जाते होय?

हे कशासाठी, ते सांगते. गेल्या वर्षी औंढ्याच्या रस्त्यावर आमच्या शिकवायच्या गाडीला अपघात झाला. स्टिअरिंगवर नंदाताई होत्या, औंढ्याच्याच, शेती करणाऱ्या, आणि शेजारी मी. वळणावर समोरून पर्यटकांची एक गाडी चुकीच्या बाजूने अंगावर आली, नंदाताईंनी घाबरून स्टिअरिंग फिरवलं आणि आम्ही मोरीच्या कठड्यावर आदळलो.

माझ्या अंगावर ओरखडाही नाही. त्यांचं मात्र उजवं कोपर मोडलं... ऑपरेशन, प्लेट, तीन महिने हात गळ्यात.

शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो, तो अशाच वेळेसाठी. आणि मला पक्कं आठवत होतं, की आधी नंदाताई "मॅडम!" म्हणून किंचाळल्या आणि मग माझा पाय ब्रेकवर गेला. म्हणजे चूक माझी. माझा नवरा आसिफ शंभरदा म्हणाला, टायरच्या खुणा केवढ्या लांबून होत्या ते मी बघितलंय, तू वेळेत दाबला होतास. डोक्यात शिरतच नव्हतं.

तेव्हापासून जिवाला चैन नाही. जेवायला बसले की उजवा पाय आपोआप फरशी दाबायचा, कुणी मोठ्याने हाक मारली की छातीत धस्स. फोडणी टाकता टाकता गॅस बंद करून गच्चीत फेऱ्या मारायला जायचे... सासूबाई म्हणायच्या, "अगं बस की घडीभर!" बसवत असतं तर बसले नसते का?

आणि इकडे नंदाताईंचे फोन. "मॅडम, हात बरा झालाय, कवा येऊ?" त्यांच्या मालकांना आता नीट दिसत नाही, पिकअप दारात नुसता उभा. दुसऱ्या कुणाकडे शिका म्हटलं तर म्हणे, "दुसरं कुनी न्हाई, शिकीन तर तुमच्याकडंच." मी आज सर्दी सांगायचे, उद्या गाडी गॅरेजला... खोटं बोलून बोलून माझीच मला लाज वाटायला लागली.

शेवटी एकदा मैदानात घेऊन गेले. त्या गिअर टाकतात, क्लच सोडतात, गाडी बंद. पुन्हा तेच. चौथ्यांदा त्या हळूच म्हणाल्या, "मॅडम, तुमीच धरून ठिवलीया वो गाडी." खाली बघते तर माझा पाय ब्रेकवर. उतरले आणि भर मैदानात रडले.

त्याच आठवड्यात तळेगावच्या त्या डॉक्टरबाईंकडे, मनाच्या डॉक्टर त्या. गाडी शिकवणारी बाई लोकलने गेली, ते जाऊ द्या! आधी दोन वेळा नुसतं बोलणं झालं, मग मनावरचा धक्का उतरवायची ही डोळ्यांची थेरपी. अपघाताचं सगळ्यात वाईट चित्र मनात धरायचं आणि त्यांची बोटं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे जातील तसे डोळे न्यायचे. थांबायचं, श्वास घ्यायचा, मनात काय आलं ते सांगायचं, पुन्हा सुरू. मी मनात म्हटलं, हा काय पोरखेळ!

पोरखेळ कसला... पहिल्याच दिवशी घामाघूम. घरी येऊन आसिफवर उगाच चिडले, स्वप्नं नको नको ती पडली, आता जायचंच नाही असं ठरवलं. तरी गेले. घरी तरी कुठे बसवत होतं?

तिसऱ्या वेळी बोटं फिरत होती आणि अचानक माझ्या तळपायात कळ आली. काय येतंय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "पाय... पाय आधीच खाली आहे. त्या अजून ओरडल्याच नाहीत!" पुन्हा बोटं, पुन्हा तेच. गाडी आली, पाय गेला, मग किंचाळी. या अल्लाह, वेळच तेवढा नव्हता, कुणाकडेच नव्हता.

आठवण काही फोटो नसते, तिच्यात चूकभूल असते, हे डॉक्टरबाईंनीच बजावलं. पण टायरच्या खुणा तर होत्याच... आसिफचं वर्षभराचं बोलणं मला त्या दिवशी पटलं. ही जादू नाही, आणि कुणी मोबाईलवर बघून घरी करू नका. समोर जाणकार माणूस हवाच.

शुक्रवारी नंदाताईंना फोन केला, या. औंढ्याच्याच रस्त्याला गाडी घातली. पाय ब्रेकजवळ नेऊन ठेवलाच होता, खोटं कशाला बोलू... पण बाई निघाल्या त्या इंडिकेटर चालू ठेवूनच. दुसरा गिअर टाकायचं नाव नाही, इंजिन नुसतं कोकलतंय, आणि मग मी सुटलेच. "अहो क्लच! क्लच दाबा! आणि आरसा कशाला लावलाय, वेणी घालायला?"

त्या हसायला लागल्या. म्हटलं, हसताय काय, पुढे बघा!

"मॅडम," त्या म्हणाल्या, "मोरी मागं गेली की वो."

मी मागे बघितलं. कठड्याला लावलेलं नवं सिमेंट लांब कुठेतरी दिसत होतं, आणि मला पत्ताही लागला नव्हता...

नंदाताईंची लायसन्सची टेस्ट पुढच्या आठवड्यात आहे. डॉक्टरबाईंचे आभार मानायचेच आहेत, पण आधी या बाईचे. हात मोडून घेतला, वर्षभर माझ्यासाठी थांबली, आणि एकदाही विचारलं नाही, की मॅडम, तुमी ब्रेक का न्हाई दाबला.