खारीचे फुगे आणि परक्याचे बूट

किळस येण्याचं मला उपजतच अंग आहे. दुधाची साय ओठाला लागली तरी मी अशी किंचाळते की शेजारची मंडळी कुंपणावरून डोकावतात. पण गेल्या उन्हाळ्यात चष्मा लावलेल्या एका खारीने मला जी किळस आणली, तिची सर कशालाच नाही.

कॉव्हेंट्रीच्या एका हॉस्पिटलमध्ये मी वीस वर्षं डॉक्टरांची पत्रं टाइप करत आले. डॉक्टर सँडविच खात पुटपुटणार आणि मी त्यातून माणसाचा मूत्रपिंडविकार बाजूला काढणार. मग ऐकून आपोआप टाइप करणारं सॉफ्टवेअर आलं. आम्हा सेक्रेटरींना एका खोलीत बसवलं, बिस्किटं दिली (बिस्किटं दिसली की समजावं, बातमी वाईट आहे) आणि सांगितलं: सप्टेंबरपासून युनिव्हर्सिटीचा संध्याकाळचा हेल्थ डेटाचा कोर्स घ्याल, तर डेटा टीममध्ये जागा. नाहीतर इमर्जन्सीच्या रिसेप्शनवर, जिथे शुक्रवारी लोक काउंटरवरच ओकतात. माझा स्वभाव बघता माझ्यापुढे निवड अशी नव्हतीच.

पण त्या कोर्सला प्रवेश हवा, तर आधी प्राथमिक कंप्युटिंगचं क्रेडिट हवं, तेही ऑगस्ट संपायच्या आत. ते मिळवायच्या वाटा दोन. एक, दहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स. दुसरी, कॉलेजात जाऊन तीन तासांची परीक्षा, एकदाच. परीक्षेला नाव दिलं की ऑनलाइन कोर्स बंद, मग रडा नाहीतर लोळा.

"परीक्षा? ह्या वयात? वेडी आहेस का तू?" मैत्रीण म्हणाली. ती माझ्याच ऑफिसातली, माझ्याच वर्षी पुण्याहून आलेली. इथल्या आमच्या मराठी मंडळात उकडीचे मोदक हा तिचा प्रांत. साच्यातून मोदक काढणाऱ्या एका बाईला ती पाच वर्षं नावं ठेवत होती. "हाताने पाकळी पाडता येत नसेल तर बाजारातून बर्फी आणावी," असं ती म्हणायची, आणि त्या बाईला ऐकू जाईल अशा बेताने.

म्हणून तिच्यासारखाच मीही ऑनलाइन कोर्स घेतला. आणि तिथे ती खार भेटली.

केशरी रंगाची, चष्मा लावलेली. प्रत्येक धड्याच्या शेवटी ती उडी मारून म्हणायची, "यू आर अ स्टार!" मी नुसतं पान उलटलं तरी स्टार. प्रश्नाला चार पर्याय. चुकलं तर, "ऑलमोस्ट! पुन्हा करून बघ!" कितीही वेळा. म्हणजे चौथ्या खेपेला गाढवही स्टार. शिवाय चर्चेच्या पानावर दर आठवड्याला दोन सहाध्यायांना उत्तर लिहायचं. तिथे सगळे एकमेकांना "किती विचारप्रवर्तक मुद्दा!" म्हणत होते. तीन जणांची उत्तरं शब्दन् शब्द सारखी होती. कुठल्यातरी चॅटबॉटने लिहिलेल्या मुद्द्याला दुसरा चॅटबॉट शाबासकी देत होता आणि माणसं मध्ये बसून चहा पीत होती. तीन आठवडे मी स्टार होते आणि प्रोग्रॅममधला लूप म्हणजे काय ते मला सांगता येत नव्हतं.

चौथ्या आठवड्यात पाहुणे आले, धडा राहिला. मैत्रिणीने फोनवर एक यादी पाठवली. मंडळातल्या कुणाच्या तरी भाचीने हाच कोर्स केला होता, तिची सगळी उत्तरं. "अगं, नुसतं क्लिक करत जा. सगळेच करतात." मी केलं. दहापैकी दहा. पडद्यावर फुगे उडाले, खार नाचली. मग मी वर धड्याचं नाव वाचलं.

'अभ्यासातला प्रामाणिकपणा.'

दुसऱ्याची उत्तरं आपली म्हणून देऊ नयेत, या विषयावरची दहा उत्तरं मी दुसऱ्याची दिली होती. घासात दुसऱ्याचा केस यावा, आणि तोही अर्धा गिळून झाल्यावर, तसं झालं. मी खरोखर उठून चूळ भरली. मग परीक्षेला नाव देऊन आले.

"आई, तू नापास झाला तर?" लेकीने विचारलं. ती जन्माने आणि व्याकरणाने कॉव्हेंट्रीची, पोटाने सांगलीची.

"तर काउंटर पुसेन," मी म्हटलं.

सहा आठवडे मी खऱ्या वहीत, खऱ्या पेनाने लिहिलं. लूप डाळीवर समजला: मऊ होईपर्यंत शिट्ट्या घे. लेक माझी प्रश्नोत्तरं घ्यायची आणि चुकलं की खारीचा आवाज काढून "ऑलमोस्ट!" म्हणायची. मी तिला उशी फेकून मारायचे.

परीक्षेच्या दिवशी मी वीस मिनिटं आधी हजर. दारावर पाटी: कंप्युटर लॅब. आणि इथे माझ्या पायांनी माझा घात केला.

सांगलीला आमच्या क्लासमध्ये तीन कंप्युटर होते. सर त्यांना कापडाचे झबले घालायचे, दसऱ्याला झेंडूचे हार घालायचे, आणि चप्पल घालून आत कुणी पाऊल टाकलं तर देवळात बूट आल्यासारखे ओरडायचे. धूळ मशीनच्या पोटात जाते म्हणायचे. त्या खोलीत मी दोन वर्षं अनवाणी शिकले. डोकं बिट आणि बाइट विसरलं होतं, पण पाय काहीच विसरले नव्हते. मी दाराबाहेर माझे नवे काळे बूट नीट जोडून ठेवले, मनातल्या मनात हात जोडले आणि मोज्यांवर आत जाऊन बसले.

पर्यवेक्षक बाई आल्या. माझ्या पायांकडे बघून म्हणाल्या, "यू ऑलराइट, लव्ह?"

"उत्तम!" मी म्हटलं.

"बुटांशिवाय लॅबमध्ये बसता येत नाही. हेल्थ अँड सेफ्टी. जाऊन घालून या."

बाहेर आले तर बूट नाहीत. सफाईवाल्याने बेवारस समजून सिक्युरिटीकडे दिले होते, आणि सिक्युरिटीचं ऑफिस इमारतीच्या दुसऱ्या टोकाला. परीक्षा सुरू व्हायला चार मिनिटं, नंतर दार बंद. डोळ्यांपुढे इमर्जन्सीचं काउंटर आलं, त्यावरच्या ऐवजासकट.

"लॅबच्या लॉस्ट प्रॉपर्टीच्या खोक्यात बघू," बाई म्हणाल्या. त्या आत गेल्या आणि ट्रेनर्सचा, म्हणजे खेळाच्या बुटांचा, एक जोड दोन बोटांनी, अंगापासून लांब धरून घेऊन आल्या. कुण्या धिप्पाड माणसाचे नऊ नंबरचे. आतून ओलसर. वास असा, की त्याला स्वतःची खुर्ची द्यावी लागली असती.

मी, जिला सायीने शहारे येतात, त्यात पाय घातले. पचकन आवाज आला. आणि तीन तास, त्या परक्या दलदलीत बोटं आखडून धरून, मी माझी उत्तरं लिहिली. दोन प्रश्न साफ चुकले. प्रोग्रॅम लिहायचा होता, तो पहिल्या खेपेला थांबेचना, डाळीचा पार कोळसा. दुसऱ्या खेपेला थांबला. एकदाही कुणी मला स्टार म्हणालं नाही. घरी येऊन मी पाय तीनदा धुतले आणि लेकीला हुंगायला लावले. तिने नकार दिला.

पास व्हायला चाळीस लागत. मला सत्तेचाळीस पडले. ईमेल बघून मी जिन्यावरून अशा थाटात उतरले की खाली बँड असायला हवा होता.

चार दिवसांनी क्रेडिटचं पत्र आलं. 'प्राथमिक कंप्युटिंग: क्रेडिट प्रदान.' बस. ना गुण, ना परीक्षा हा शब्द. त्याच दुपारी मैत्रिणीने तिचं पत्र आणून माझ्या पत्राशेजारी ठेवलं. नाव सोडलं तर दोन्ही एकाच साच्यातून काढलेली.

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" ती म्हणाली. "उगाच जीव काढलास."

"लूप म्हणजे काय गं?" मी विचारलं.

"ते आता कोर्समध्ये शिकवतीलच की!" ती हसली आणि माझ्याच बशीतली चकली उचलून गेली.

मी कॉलेजात फोन लावला. पत्रावर गुण घालून मिळतील का? पलीकडचा माणूस फार प्रेमळ. "पास म्हणजे पास, डार्लिंग. कुणी बघत नाही."

पुन्हा तीच चव, घासातल्या केसाची. मी पत्राची एक प्रत काढली, निळं बॉलपेन घेतलं आणि 'क्रेडिट प्रदान'च्या खाली ठळक लिहिलं: परीक्षा देऊन, सत्तेचाळीस गुण. खाली दुहेरी रेघ मारली, शाळेत मारायचो तशी.

लेकीने मागून वाकून पाहिलं. "आई! ऑफिशियल लेटरवर लिहिलं? दॅट्स फोर्जरी!"

"असेल," मी म्हटलं.

हॉस्पिटलला मी दिलं ते मूळ पत्र. निळ्या शाईचं फ्रिजवर लावलंय. मैत्रीण येते तेव्हा दूध काढायला मी तिलाच पाठवते.