जावयाच्या गुलाबाला पालवी

हसायचं तर आताच हसून घ्या, नंतर चहा नाकातून येईल! माझी अशी फजिती आयुष्यात पुन्हा झाली नाही.

लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. मी जळगावात, मेहरूणला राहणारा कारकून. सासुरवाडी भडगावची. तिथल्या अंगणात सुमननं, म्हणजे आमच्या हिनं, लहानपणी लावलेला देशी गुलाब होता. आता त्याच जागी ट्रॅक्टरसाठी शेड होणार, गुलाब तोडणार. सुमनचा चेहरा एवढासा झालेला.

मला कुठली गप्प बसायची बुद्धी? "त्यात काय! काड्या द्या, जळगावात जगवून दाखवतो!"

सासऱ्यांना सगळे नाना म्हणायचे. जन्म शेतीत गेलेला. त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं. "जमी का तुमले?"

"नाना, विज्ञान आहे ते!"

नानांनी काड्या कापल्या, प्रत्येकीच्या एका टोकाला शेणाचा गोळा थापला आणि ओल्या फडक्यात बांधून दिल्या.

आता तुम्हीच सांगा, शेण म्हणजे खत ना? आणि खत कुठे घालतात? मुळाशी! मग मी शेणाचं टोक मातीत घालणार की आभाळात? तेलाच्या रिकाम्या डब्यात माती भरली आणि शेण खाली करून काड्या रोवल्या.

शेजारच्या अक्का म्हणाल्या, "कापलेल्या टोकाला मध लावा हो, मुळं लवकर फुटतात." एक टोक शेणात गेलेलं, म्हणून मी दुसऱ्या टोकाला फासला. मुंग्या आल्या. मुंग्यांवर दालचिनी भुरभुरली. शिवाय रोज केळीच्या सालींचं पाणी!

सुमन स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, गुलाब लावताय की शिरा करताय?"

मी तिला डब्याजवळ यायची बंदीच केली. मग ओल टिकावी म्हणून वरून साडीची प्लास्टिकची पिशवी घातली. पिशवी काड्यांना टेकू नये, म्हणून गल्लीत कुणी तरी छाटून टाकलेल्या झाडाच्या अंगठ्याएवढ्या चार फांद्या कडेनं खोचल्या. कसलं झाड, कुणाला ठाऊक? टेकूची जात कोण विचारतो?

पिशवीत वाफ धरली, आतलं काही नीट दिसेना. आणि एका सकाळी पाहतो तर आत हिरवंगार! बारीक बारीक पानं!

मी गल्लीभर नाचलो हो! लोक आपापल्या काड्या घेऊन सल्ल्याला येऊ लागले. मीही "शेण खालीच हवं बरं का!" असं ठणकावून सांगायचो. किती जणांच्या काड्या मारल्या असतील, देव जाणे. भडगावला निरोप धाडला: गुलाब जगला, बघायला या.

नाना आले. गल्ली जमली. पेढे आणून ठेवलेले. मी ऐटीत पिशवी उचलली.

नाना वाकले. एका काडीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "जवाईबापू, काटा वरे देखी राह्यनात! बठ्ठ्या काड्या उलट्या लायात तुम्ही! शेन वरे ऱ्हास, काडी सुकाले नको म्हनीसन!"

गुलाबाचे काटे खाली वळलेले असतात, माझ्या काड्यांचे सगळे आभाळाकडे! काड्या वाळून कोळ झालेल्या.

"मग ही पालवी?" मी चाचरत विचारलं.

नानांनी टेकूचं एक पान चुरगळून हुंगलं. "हाऊ तं शेवगा शे!"

गल्ली खो खो हसली. मी मात्र सुमनकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलेलं, आणि तेव्हा मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "रडू नको व माय. मी एक काडी गोठामांगे खोसी ठेयेल शे. मस्त फुटी राह्यनी."

"कधी लावली, नाना?"

"त्याच दिनले. जवाई विज्ञान म्हनेत, तवय माले भ्याव वाटनं!"

सुमन रडता रडता एवढी हसली, की तिच्या हातातले पेढे खाली पडले.

नानांचा गुलाब पुढे आमच्या दारात आला, छान बहरला. शेवगाही परसात उंच वाढला. पण भडगावात नाना आजही पाहुण्यांना माझी ओळख करून देतात, "ह्या आमना जवाई. यास्ना गुलाबले शेंगा येतस!"